सिस्टिमला हात नसतात

परवा वीजबिलाच्या खिडकीवर भांडत होते. आमच्या बिलावर भलत्याच कुणाचं नाव लागलं होतं. खिडकीतले गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "मॅडम, ते सिस्टिममधून झालंय." आणि माझ्या तोंडून फाडकन निघून गेलं, "सिस्टिमला हात नसतात. कोणी केलं ते सांगा." गृहस्थ दचकले, मागच्या रांगेतले दोघं-तिघं हसले. मला मात्र हसू आलं नाही. वाक्य माझं नव्हतं, वनिता भोईरचं होतं. बोलताना आवाजसुद्धा जरा तिच्यासारखाच लागला होता. बिल तसंच पर्समध्ये कोंबून मी घरी आले आणि संध्याकाळभर तिचाच विचार करत बसले.

वनिता आमच्या गोडाऊनची सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. राहनाळ गावात भाताची खाचरं बुजवून एकामागून एक पत्र्याची गोडाऊनं उभी राहत होती. आमच्या कंपनीची त्यांतली आठ-दहा. मुख्य गोडाऊनच्या माडीवर ऑफिस, आणि तिथे मी डिस्पॅचला. मी जवळच्याच नारपोलीची. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात वाढल्यामुळे माझा आवाज जन्मापासून चढा. मी फोनवर बोलायला लागले की वनिता शेजारच्या खोलीतून ओरडायची, "शैला, फोन कशाला फुकट घालवतेस? खिडकी उघड आणि बोल."

ती नोकरीला लागली तेव्हा सगळ्यांनी एकच गोष्ट धरली होती: ही जमिनीबरोबर आलेली. गोडाऊन ज्या जमिनीवर उभं होतं ती तिच्या सख्ख्या काकांची, हिराशेठ भोईरांची. जमीन भाड्याने देताना गावचे लोक अटी घालतात. आमच्या गाड्या लावा, आमचा माणूस वॉचमन घ्या, आमच्या पोरांना कामाला लावा. हिराशेठनी गाड्या लावल्या आणि पुतणीलाही लावलं. ती कल्याणच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकून, वर ऐरोलीला दोन वर्षं नोकरी करून आलेली आहे याची चौकशी कोणी केली नाही. तिनेही कोणाला सांगितलं नाही. एकदा कोणीतरी तोंडावरच टोमणा मारला, तेव्हा म्हणाली, "काकांनी नोकरी मिळवून दिली हे खरं. पण ती टिकवायला काही काका येत नाहीत."

दिसायला ठेंगणी, रंगाने सावळी, वेणी कमरेच्या खाली. ओढणी दोन्ही खांद्यांवरून मागे नेऊन कमरेला गच्च गाठ मारायची, जशी काही आता नांगरणीला उतरणार आहे. स्वभावाने फटकळ. गोड बोलणं तिला जमायचं नाही आणि जमत नाही याचं दुःखही नव्हतं. पण तिची एक सवय अशी होती की ऑफिसातल्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी हसू यायचं. समोरचा माणूस पासवर्ड टाकायला लागला की ती पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. शेजारच्या खोलीत कोणी साडी बदलत असावं तशी. "झालं?" म्हणून विचारायची, "हो" म्हटल्यावरच वळायची. नायर साहेब, आमचे मॅनेजर, एकदा तिच्यादेखतच ओरडून पासवर्ड सांगू लागले, तर हिने दोन्ही कानांत बोटं घातली आणि म्हणाली, "साहेब, मला नका सांगू. उद्या काही झालं तर तुमच्याबरोबर मी पण जाईन."

आणि ते वाक्य. डिस्पॅचमध्ये घोळ झाला की आमचं सगळ्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, सिस्टिमने केलं. सिस्टिमने दोन गाठी कमी दाखवल्या, सिस्टिमने पत्ता बदलला, सिस्टिमने चलन खाल्लं. ती ऐकून घ्यायची, मग म्हणायची, "सिस्टिमला हात नसतात. कोणी?" हे "कोणी?" ती असं विचारायची की माणसाला आपण काही केलं नसलं तरी केल्यासारखं वाटायचं. मी तिच्याबरोबर जेवायला बसायचे, तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण तिच्याच डब्यातलं खायचे, तरी मलाही ते वाटायचं.

असली ही कुलपांची माणूस, म्हणून मी तिच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा चाटच पडले. गावातल्या घराचं दार सताड उघडं. कुलूप होतं, पण ते चौकटीच्या खिळ्याला किल्लीसकट टांगलेलं, आणि त्यावर कोळ्याने जाळं धरलेलं. दारातल्या ओट्यावर तिची आई सुकट निवडत बसली होती. माझी सावली अंगणात पडली तशी मान न उचलता म्हणाली, "कोन गं?"

"मी शैला. वनिताच्या ऑफिसातली."

"नारपोलीची? मंग ये. बस."

मी वनिताला छेडलं, की ऑफिसात टाचणीला कुलूप लावतेस आणि घर उघडं? ती म्हणाली, "घर कुठे उघडं आहे? आई बसलीय ना. तिने विचारल्याशिवाय मांजर आत जात नाही. तुला विचारलं की नाही? कोण, कुठली? आमच्या ऑफिसात ओट्यावर कोणी बसलेलंच नाही, ही पंचाईत आहे."

तिची आई धवलारीण होती. आगरी लग्नात धवले गाणारी बाई. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला तोंडपाठ, आणि ती गाईल तसं लग्न पुढे सरकणार. धवलारीण थांबली की नवरदेवही थांबला. कुठलं गाणं कुठल्या गाण्यामागून येतं हे मी तिला त्या दिवशी उगाच विचारलं, म्हटलं मोठ्या घरचं लग्न असलं तर थोडं वाढवता का, आणि गरिबाकडे आटोपतं घेता का. म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. "शेठचे घरी येक धवला नि मजुराचे घरी दुसरा, असा नसते बाय. जो हाय तो हाय." वनिता आतून चहा घेऊन येत होती. मला वाटतं तिने हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ते तिच्या हाडात जाऊन बसलं होतं.

आता जे झालं ते सांगायचं तर गाड्यांच्या नंबराचं सांगायला हवं. गोडाऊनला माल भरायला आलेली प्रत्येक गाडी गेटवर नोंदवली जायची आणि कॉम्प्युटर तिला नंबर द्यायचा. त्या नंबराने गाडी आत. हे सगळे नंबर प्रत्येक गोडाऊनच्या सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये असायचे. आणि तो डेटाबेस वनिता येण्याच्या आधी ज्या कोणी बसवला होता, त्याने घाईत असा बसवला होता की आमच्या ऑफिसच्या वायरीवरच्या कुठल्याही मशीनवरून कोणीही गेलं तरी तो पासवर्ड विचारत नव्हता. नाव विचारत नव्हता. आपल्याच घरचा आहे म्हणून आत घेत होता. जो जाईल त्याच्यापुढे एकच नाव लागायचं, 'गेट'.

गेटवर क्लार्क होता सलीम अन्सारी. नारपोलीचाच, आमच्या मागच्या गल्लीत राहणारा, अबोल माणूस. एका परगावच्या ड्रायव्हरने एकदा गेटवर आकांत केला. त्याची गाडी दोन दिवस उभी होती आणि मागून आलेल्या गाड्या पुढे जात होत्या. प्रकरण वरपर्यंत गेलं. नोंदी बघितल्या तर शुक्रवारी दुपारी नंबर खालीवर केलेले, आणि करणाऱ्याचं नाव 'गेट'.

"सिस्टिम में गेट लिखा है," नायर साहेब म्हणाले. "गेट पे कौन बैठता है?"

"साहब, सिस्टिम में तो सबका वही नाम है," सलीम म्हणाला. "और जुम्मे को उस टाइम मैं नमाज़ को गया था. सब को मालूम है."

"तो फिर किसने किया?"

सलीमने वनिताकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. 'कोणी?' हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा तिला विचारला गेला होता. ती उभी राहिली, ओढणीची गाठ चाचपली आणि म्हणाली, "मला सांगता येत नाही. कोणालाच सांगता येणार नाही, सिस्टिमच तशी आहे. पण सलीमने केलं असंही सांगता येत नाही."

कंपनीला तेवढं पुरे नव्हतं, तिला कोणीतरी हवं होतं. सलीमला घरी बसवलं. तो मेहुण्याच्या लूमवर रात्रपाळीला जाऊ लागला. गल्लीत पोरं त्याच्या मागून 'नंबरवाला' म्हणून ओरडायची. मी दिसले की तो पानपट्टीकडे तोंड फिरवायचा. मी हे वनिताला सांगितलं तेव्हा तिने भाकरीचा तुकडा पुन्हा डब्यात ठेवला. "त्याची नोकरी गेली ती गेली," ती म्हणाली, "त्याचं नाव गेलं ना, शैला. आणि ते मला परत देता येत नाही." तिचे डोळे भरून आलेले मी त्या एकाच वेळी पाहिले.

त्यानंतर महिनाभर ती कोणाशी धड बोलली नाही. इंटरनेटवरून कुठलासा फुकट मिळणारा प्रोग्रॅम उतरवून घेतला होता आणि एक जुनं मशीन झाडून-पुसून त्यावर तो चढवत बसली होती. त्या मशीनला ती 'मास्तर' म्हणायची. मला काय कळणार म्हणून मी विचारत नव्हते, पण एके दिवशी तिनेच समजावलं. "हे बघ. आज मी एका सर्व्हरवर जाऊन दार बंद केलं, तर उद्या कोणीतरी साहेबाला सांगून उघडून घेईल आणि मला कळणारही नाही. म्हणून दारं कशी असावीत ते मी फक्त मास्तरांच्या फळ्यावर लिहायचं. कोणाला आत घ्यायचं, कुठल्या मशीनवरून, पासवर्ड विचारूनच. सगळे सर्व्हर म्हणजे पोरं. दर अर्ध्या तासाने फळ्याकडे बघणार आणि आपापली पाटी तशी करून घेणार. मधे कोणी पाटी पुसून काही लिहिलं, तरी अर्ध्या तासात पुन्हा फळ्यावरचंच."

"आणि फळ्यावरच चुकलं तर?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

माझी जीभ काळी म्हणायची. ज्या सोमवारी तिने फळा लिहून सगळ्या गोडाऊनला एकदम लावला, त्या सोमवारी तिने माणसांची सगळी नावं घातली होती, पण गाड्यांचे नंबर देणारा जो प्रोग्रॅम होता, त्याचंच नाव घालायचं राहिलं. अर्ध्या तासात डेटाबेसने घरच्याच माणसाला दारात अडवलं. एका नाही, सगळ्या गोडाऊनांत, अगदी शिस्तीत. गेट बंद, गाड्यांची रांग अंजूर फाट्याच्या दिशेने वाढत गेलेली, हॉर्नचा गोंगाट, आणि ड्रायव्हरांच्या तोंडी ठेवणीतल्या शिव्या. त्यातच लोडशेडिंग. लाइट येऊन चूक सापडून दुरुस्त होईपर्यंत दुपार टळली. तोपर्यंत ही बाई काय करत होती, तर गेटवर स्टूल टाकून वहीत हाताने गाड्यांचे नंबर लिहीत होती आणि प्रत्येक ड्रायव्हरला सांगत होती, "भैया, गलती मेरी है. मेरा नाम वनिता भोईर." शिवी द्यायला आलेला ड्रायव्हर नाव ऐकून गडबडायचा. शिवी कोणाच्या तरी नावाने द्यायला फारसं कोणी तयार नसतं.

संध्याकाळी नायर साहेबांनी तिची हजेरी घेतली. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "हाताने केलेली चूक एका गोडाऊनात राहते. लिहून केलेली चूक गावभर होते." पुढे ती काहीही नवं लिहिलं की आधी गोडाऊन नंबर तीनवर लावून बघायची. तिथलं मशीन सगळ्यांत म्हातारं होतं. लाइट जाऊन आली की त्याचं घड्याळ मागच्या कुठल्यातरी सालात जायचं, आणि मग मास्तर त्याला ओळखायला तयार नसत. ती जाऊन त्याचं घड्याळ लावून द्यायची आणि पाठीवर थाप मारल्यासारखी डब्यावर चापट मारायची. मास्तर मात्र चालू राहिले. ऑफिसात कुरकुर झाली. नाव टाका, पासवर्ड टाका, दुसऱ्याच्या नावाने जाता येत नाही, आज अमुक रजेवर आहे तर काम अडतं. "भोईर मॅडमनी बँक करून टाकली," असं लोक म्हणायचे. ती म्हणायची, "बँक नाही. ओटा."

आणि त्याच आठवड्यात एका सकाळी हिराशेठ आले. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, हातात गाडीची किल्ली. आमच्या गेटसमोर रस्त्यापलीकडे त्यांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. माणूस वाईट मुळीच नव्हता. आमच्या वॉचमनच्या मुलीच्या शाळेचा खर्च त्यांनी गाजावाजा न करता केलेला मला ठाऊक आहे. ते थेट नायर साहेबांच्या टेबलासमोर बसले. टेबल ऑफिसच्या मधोमध, म्हणजे आम्ही सगळे ऐकत होतो.

"सायेब, तुमची मशीन बिघरली हाय," ते म्हणाले. "चार दिस जाले, नंबर बदलाला गेला की आत घेतच न्हाय. पासवर्ड मांगते. आमचे गाऱ्या उन्हात उभ्या."

"कौन सा नंबर, सेठजी?"

"अरे गाड़ी का नंबर! तुमनेच तो दिया ना हमारे ऑफिस में कॉम्प्युटर, वायर के साथ. उसपर से हमारा आदमी बदलता है ना."

हे खरं होतं. उद्घाटनाच्या वेळी कंपनीने शेठना मान म्हणून एक कॉम्प्युटर आणि आमची वायर दिली होती, आपल्या गाडीचा नंबर कधी येतो ते बघण्यापुरती. पण बघणारा आणि बदलणारा यांत फरक करायला डेटाबेसला कोणी शिकवलंच नव्हतं. एकदम खालच्या हमालांची हाळी वर ऐकू येऊ लागली. वनिता आपल्या खोलीच्या दारात येऊन उभी होती.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुमचा मानूस शुक्रवारी पन बदलायचा?"

"मंग! शुक्रवारीच तं बरा परते. लूम बंद, रस्ता मोकला." ते पुतणीकडे वळून प्रेमाने म्हणाले, "तुलाच सांगाला आल्तो. गावच्या गाऱ्या आधी जातान, ह्यो रिवाज हाय ना? तेवरा चालू करून दे बाय."

त्यांच्या चेहऱ्यावर चोरीचा लवलेश नव्हता. जमीन आपली, गाड्या आपल्या, पुतणी आपली. आपल्याच घरात आपण पुढे बसलो तर त्यात लपवायचं काय? लपवण्यासारखं काही आहे असं वाटलं असतं तर ते आले असते का? नायर साहेब मात्र कपाळाचा घाम पुसत होते. सलीमला त्यांनीच काढला होता. शेठना चहा पाजून, 'देखते हैं' म्हणून त्यांनी वाटेला लावलं आणि वनिताला बोलावून दबक्या आवाजात सांगितलं, की जागा त्यांची आहे, भाडेकरार संपत आलाय, तेवढं एक दार शेठसाठी ठेव.

ती नाही म्हणाली. मग साहेबांनी तिच्या पाठीमागे बाहेरचा माणूस बोलावून मुख्य गोडाऊनच्या सर्व्हरवर हाताने दार उघडून घेतलं. शेठच्या दोन गाड्या पुढे गेल्या. तिसरीच्या वेळी दार बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा अर्ध्या तासाने बंद. साहेब तणतणत तिच्या खोलीत आले, "तुम क्यों बंद करती हो बार बार?"

"मी जागेवरून उठलेसुद्धा नाही," ती म्हणाली. "मास्तरांनी केलं. तुम्हाला कायमचं उघडं पाहिजे तर फळ्यावर लिहावं लागेल, आणि फळ्यावर प्रत्येक ओळीपुढे मी दोन गोष्टी लिहिते. कोणी सांगितलं आणि कशासाठी. ही बाकीची नावं बघा, सगळ्यांपुढे आहे. तुमचं नाव लिहिते. कशासाठी, ते सांगा. हिराशेठच्या ऑफिसातून नंबर बदलता यावेत म्हणून, असं लिहू? आणि याआधीही तिथूनच बदलत होते, तेही लिहायला लागेल. हेड ऑफिस हा फळा बघतं."

साहेब काही वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग काचेतून रस्त्यापलीकडे. मला वाटतं त्या दोन मिनिटांत तिची नोकरी जाता जाता राहिली. शेवटी ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सलीम का फोन नंबर है किसी के पास?" माझ्याकडे होता. पण मी फोन केला नाही. संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या गल्लीतच गेले आणि खालूनच, माझ्या ह्या चढ्या आवाजात, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी ओरडले, की सलीमभाई, साहब ने वापस बुलाया है, वो काम आपका था ही नहीं. माझा आवाज सत्कारणी लागल्याचं मला आठवतं ते त्या एकदाच.

सलीम गेटवर परत आला, आणि त्याची किंमत कोणी भरली हे पुढच्या महिन्यात कळलं. हिराशेठच्या मुलाचं लग्न होतं. शेठना वाटलं, पुतणीने चारचौघांत आपल्याला बोलतं केलं आणि खाली बघायला लावलं. भाडेकरार त्यांनी मोडला नाही, कंपनीशी भांडणही काढलं नाही. त्यांनी फक्त वहिनीला, म्हणजे वनिताच्या आईला, बोलावलं नाही. सख्ख्या पुतण्याची हळद, राहनाळची धवलारीण दहा घरं पलीकडे, आणि धवले गायला काल्हेरहून दुसरी बाई आणली. गावात याच्याहून मोठा अपमान नाही. आम्हा ऑफिसवाल्यांना झाडून आमंत्रण होतं. मी गेले. मांडवभर लोक, जेवणाच्या पंगती, कर्णे लावलेले. मी पान अर्धवट टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी जेवताना वनिताने विचारलं, "धवलारीण कशी होती?"

"मला काय कळतंय त्यातलं. गात होती."

"तीन ठिकाणी चुकली," ती म्हणाली. "आई ओट्यावर बसून कर्ण्यावरनं ऐकत होती. दर वेळी मांडीवर हात मारायची, 'आता तेलवनाचा धवला यायला होवा, ही कटं चालली?' एका ठिकाणी तर बाईने पुढचंच गाणं घेतलं. तेव्हा आई उठून उभी राहिली. म्हटलं जाते की काय. पण नाही गेली. घरातच हळू आवाजात सुटलेलं गाणं म्हटलं, पोराचं लग्न अर्धवट राहू नये म्हणून."

"तुला काही बोलल्या?"

"नाही. मीच म्हटलं, माझ्यामुळे झालं. तर म्हणाली, 'जो हाय तो हाय.' आणि भांडी घासायला गेली." वनिताने डब्याचं झाकण लावलं. त्या दिवशी तिने सुकट तशीच ठेवली होती.

मी एकदा तिला विचारलं, काकांवर तुला आधीपासूनच शंका होती का? ती म्हणाली, "शंका सगळ्यांवर होती. तुझ्यावर पण." मला राग यायला हवा होता, आला नाही. तिने स्वतःलाही त्यातून वगळलेलं नव्हतं, हे मला तिच्या शेवटच्या दिवशी कळलं.

दीडेक वर्षाने तिला पुण्याला चांगली नोकरी लागली. निघायच्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर ती मला आपल्या खोलीत घेऊन गेली. मास्तरांच्या फळ्यावरून एक ओळ खोडली. तिचीच. पुढे लिहिलं, सांगणारी वनिता भोईर, कारण नोकरी सोडली. मग खुर्चीत हात बांधून बसली.

"आता काय?"

"अर्धा तास थांबायचं."

आम्ही थांबलो. रस्त्यावरून हॉर्न येत होते. मग तिने आपलं नाव टाकलं. मी सवयीने भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण तेवढं तरी मी तिच्याकडून शिकले होते. "झालं, वळ," ती म्हणाली. पडद्यावर नकाराची ओळ आली होती. तिने पुन्हा एकदा करून बघितलं, मग म्हाताऱ्या गोडाऊन नंबर तीनवर जाऊन करून बघितलं. तिथेही नाही. "बघ," ती म्हणाली, "कोणीच ओळखत नाही मला. जमलं गं." तिचा चेहरा इतका आनंदी मी कधी पाहिला नव्हता आणि मला मात्र रडू फुटलं.

मी तिला खाली सोडायला गेले. गेटबाहेर गाड्यांची रांग होती, आणि रांगेच्या मधोमध हिराशेठची गाडी. ड्रायव्हरच्या शेजारी केबिनमध्ये स्वतः हिराशेठ बसलेले. लग्नापासून दोघं बोलली नव्हती. शेठनी वरूनच तिच्या हातातल्या पिशव्या बघितल्या.

"पुन्याला चाल्लीस म्हनं."

"हो."

"बस वर. भरून जाला का तुला फाट्यावर सोरतो."

ती क्षणभर उभी राहिली. मग पिशव्या वर दिल्या आणि ओढणीची गाठ घट्ट करून चढली. गेटच्या खिडकीतून सलीम हे बघत होता. तो बाहेर आला, आमच्या दोघींकडे बघून शेठना म्हणाला, "मॅडम जा रही हैं. आपकी गाड़ी आगे ले लूँ क्या?"

"घेशील कसा?" हिराशेठ त्याच्यावर खेकसले. "हिनं बंद केलाय ना सगला!"

वनिता इतकी हसली की तिला ठसका लागला. शेठनी पाण्याची बाटली पुढे केली. पुढे चार गाड्या होत्या. मी वर ऑफिसात गेले, डिस्पॅचची दोन चलनं केली, आणि मधेच खिडकीतून वाकून बघितलं. गाडी तिथेच होती. ऊन केबिनवर आलं होतं. शेठ काहीतरी हातवारे करून सांगत होते, ती मान हलवत होती, आणि दोघं आपला नंबर यायची वाट बघत बसली होती.